रिकाम्या गोठ्यातल्या गायी

जानेवारीत ऑस्टिनला थंडीपेक्षा सीडरचा जाच जास्त. उत्तरेचा वारा सुटला की टेकड्यांवरच्या सीडरच्या झाडांतून पिवळा पराग धुरासारखा उठतो आणि अख्खं गाव शिंकायला लागतं. गाड्यांच्या काचांवर हळद सांडल्यासारखा थर. डोळे लाल, नाकं सोललेली, आवाज बसलेले. या दिवसांत इथं कोणी रडलं तरी कळत नाही. समोरचा टिश्यूचा डबा पुढे सरकवतो, विचारतो, "सीडर?" आणि रडणारा मान हलवतो. विषय संपला.

त्या गुरुवारी बर्नाडीन ऑर्साकनं बाहीनंच गाडीची काच पुसली, शिंकून शिंकून डोकं हलकं करून घेतलं आणि उजाडायच्या आत कंपनीचं दार उघडलं. सत्तावन्न वर्षांची बाई. अंगानं आडवी, मनगटं पुरुषासारखी. मोल्टनजवळ बापाचा गोठा होता, तिथं शाळेच्या आधी धारा काढून ती मनगटं झालेली. नवरा पशुखाद्य विकायचा. तो हृदयविकारानं गेला, मूलबाळ नव्हतं. रविवारी चर्च, शनिवारी पोल्काचा नाच, आणि उरलेले दिवस खेचर.

खेचर हे कंपनीतल्या तिच्या खोलीतल्या माणसांनी सिद्धता तपासणाऱ्या प्रोग्रामला दिलेलं नाव. चिप कारखान्यात जायच्या आधी ती चुकणार नाही याची खात्री लागते. भागाकार करणारं सर्किट घ्या: त्यात घालता येतील अशा आकड्यांच्या जोड्या इतक्या, की एकेक करून तपासायला बसलं तर सूर्य विझेल. म्हणून गणितानं सिद्ध करायचं की कुठलेही दोन आकडे घाला, उत्तर बरोबरच येईल. माणसानं एकेक पायरी सांगायची. खेचरानं ती हुंगायची, पटली तर पाऊल टाकायचं, नाही पटली तर चारी पाय रोवून उभं राहायचं. त्याच्यापुढे लाडीगोडी चालत नाही, पदवी चालत नाही, आणि "अहो, हे तर उघडच आहे" असं म्हणून भागत नाही.

कॉफीचं भांडं विसळून तिनं कॉफी चढवली आणि स्क्रीनसमोर बसली. रात्रभराचं काम बघायचं हा तिचा रोजचा रिवाज. आज वरपासून खालपर्यंत सगळं हिरवं. भागाकाराची सिद्धता, चार वर्षांची तिची मेहनत, खेचरानं पहाटेच्या कितीतरी आधी संपवून टाकली होती.

आज दुपारी घंटेची बैठक होती. तीत तिची सिद्धता टिकली तर उद्या चिप तैवानच्या कारखान्याकडे जाणार होती आणि वसंतात कर्टिस टॉलिव्हर निवृत्त झाला की खोलीचं प्रमुखपद बर्नाडीनला मिळणार होतं. कर्टिसनं हे नाताळच्या जेवणात सगळ्यांदेखत सांगितलं होतं. नाही टिकली तर काय, ते त्यानं सांगितलं नव्हतं. कोणी विचारलंही नव्हतं. तिच्या कामात खोट निघेल ही कल्पनाच कोणाला शिवली नव्हती, कारण त्या खोलीत दुसऱ्यांच्या कामातली खोट काढणारी तीच होती.

घंटा तिच्याच बापाच्या गोठ्यातली, तिनंच कंपनीत आणलेली. म्हाताऱ्यानं गुरं विकली तरी घंटा भिंतीवर होती. गुरं नव्हती, तरी तो चर्चच्या अंगणात छाती काढून सांगायचा, "माझ्या गोठ्यातली एक गाय कधी आजारी पडत नाही." बर्नाडीननं ते उचललं. बाप जेवणाच्या टेबलावर समोर बसलेला असताना तिनं पाहुण्यांना सांगितलं होतं, "खरंच आहे त्याचं. रिकाम्या गोठ्यातली एकही गाय आजारी पडत नाही. प्रत्येक गाय बादलीभर दूध देते. प्रत्येक गाय सोन्याची आहे. खोटं पाडायला गाय आहे कुठं?" पाहुणे हसले. बापानं बटाटा मोडला आणि खाली बघून खाल्ला.

सिद्धतेतही हेच होतं. काम सुरू करताना काही गोष्टी गृहीत धराव्या लागतात. त्यांतल्या दोन एकमेकींच्या उरावर बसणाऱ्या निघाल्या, तर दोन्ही पाळणारी एकही परिस्थिती जगात उरत नाही. गोठा रिकामा. मग खेचराला काहीही विचारा, ते हो म्हणतं. म्हणून कोणाचीही मोठी सिद्धता पुरी झाली की सगळ्यांनी जेवायला जमायचं, आणि बर्नाडीननं त्या माणसाच्या गृहीतकांवरून काहीतरी धडधडीत खोटं सिद्ध करून दाखवायचा प्रयत्न करायचा. जमलं, तर घंटा वाजवायची. ज्याच्या नावानं वाजली त्यानं दुसऱ्या दिवशी सगळ्यांसाठी कोलाचे आणायचे, चेक लोकांच्या बेकरीतले गोड पाव, जर्दाळूचे आणि खसखशीचे.

वेस टिडवेलच्या नावानं वाजली होती ती अजून लोक सांगतात. वेस हळू बोलणारा, लाजाळू. बैठकीच्या आदल्या दिवशी कॉफीपाशी येऊन म्हणाला होता, "मिस बर्नाडीन, काही सापडलं तर आधी मला सांगाल?"

"मग घंटा काय गायीला बांधू?" ती म्हणाली होती.

सापडलं तिला आधीच होतं. दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर तिनं गोड आवाजात विचारलं, "वेस, एखादा आकडा सांग बरं, तुझ्या आवडीचा."

भाबडा म्हणाला, "नऊ. आमची पोरगी आज नऊ वर्षांची झाली."

तिनं खेचराला विचारलं: या चिपवर काहीही करा, उत्तर नऊच येतं? खेचर म्हणालं, सिद्ध. तिनं घंटा हाणली आणि म्हणाली, "पोरीला वाढदिवसाच्या शुभेच्छा सांग माझ्या." खोली फुटली हसून. सर्किटं आखणारा रेने गार्झा, ज्याला कुठं थांबावं ते कधीच कळलं नाही, त्यानं वेसच्या दारावर मार्करनं मोठा नऊ काढला. तो पुसून गेला नाही. वेस मात्र उन्हाळ्याआधी गेला. लबकला कुठल्याशा शाळेत बीजगणित शिकवतो असं ऐकिवात आहे.

तर हिरवा पडदा समोर होता आणि बर्नाडीनला काहीतरी टोचत होतं. आजचं नव्हतं ते. ऑक्टोबरपासूनचं होतं.

भागाकाराच्या शेवटच्या पायरीला, जिथं उत्तराचा शेवटचा अंश वर ढकलायचा की खाली हे ठरतं, तिथं खेचर वर्षभर पाय रोवून उभं होतं. तिनं शिव्या दिल्या, नवस बोलली, सुट्ट्या बुडवल्या. ऑक्टोबरात तिनं एक नवं गृहीतक घालून पुढची पायरी लिहिली, कॉफी आणायला गेली, परत आली तर खेचर पार पलीकडे जाऊन उभं. तिनं कॉरिडॉरमध्ये गार्झाला धरून पोल्काच्या दोन गिरक्या घेतल्या होत्या. ती स्वतः नव्या माणसांना शिकवायची, "खेचर कुरकुर न करता चाललं की समजावं, पाठीवर ओझं नाहीये." पण ते नव्या माणसांसाठी.

रिकाम्या गोठ्याची चाचणी म्हणजे कॉफी गार व्हायच्या आत उरकणारं काम. दुसऱ्यांवर तिनं ती कितीदा केली होती. स्वतःच्या सिद्धतेवर केली नव्हती. संध्याकाळी हात कळफलकावर जायचा आणि मग काहीतरी दुसरं निघायचं. केली असती तर कळलं असतं, आणि न केली तर कळणार नव्हतं. एवढं साधं होतं ते.

आजची तपासणारी थुई लाम होती. बर्नाडीनच्या कामाला बर्नाडीन कशी चालेल, म्हणून कर्टिसनं तिला नेमलं होतं. थुई खाली किनाऱ्यावरच्या, कोळंबीची बोट चालवणाऱ्या व्हिएतनामी कुटुंबातली. तिशी उलटलेली, बारीक, बोलणं कमी. बर्नाडीननं सहा वर्षं तिला हाताखाली घेऊन तयार केली होती. तयार केली म्हणजे तिच्या नावानं दोनदा घंटा वाजवली होती. पहिल्यांदा पोरगी रडली. दुसऱ्यांदा नाही रडली, तेव्हा बर्नाडीन म्हणाली होती, "आता आली कामाला."

थुई आत आली ती नाक पुसतच. हातात गार्झानं सगळ्यांसाठी आणलेले अंड्याचे टाको.

"गुड मॉर्निंग, मिस बर्नाडीन. सीडर काय म्हणतंय?"

"जीव घेतंय. ये, बस."

"बसू? सहा वर्षांत तुम्ही मला बस म्हणाला नव्हतात."

"मग उभी राहा. कॉफी घे." बर्नाडीननं स्वतः कप भरून दिला. तेही कधी केलं नव्हतं. "दुपारचं बघितलंस का?"

"वरवर. खरं सांगू? फार खोलात गेलेच नाही. तुमच्या कामात काय सापडणार? कर्टिसनं जेवणच एवढं मागवलंय की पडद्याकडे कोणाचं लक्ष असणारे?"

इथं बर्नाडीननं गप्प बसायला हवं होतं. टाको खाऊन कामाला लागायला हवं होतं. पण ऑक्टोबरपासूनचं ते टोचणं आता आवरेना.

"पोरी," ती कपाकडे बघत म्हणाली, "काही सापडलंच, तर आधी माझ्या कानावर घाल. बैठकीच्या आधी."

थुईचा कप ओठांपाशी थांबला. क्षणभरच. मग ती हसली.

"हो, मिस बर्नाडीन. नक्की."

आणि जाऊन आपल्या टेबलाशी बसली. आपला टाको तसाच ठेवला.

दुपारी भाजलेल्या ब्रिस्किटच्या मांसाचे ट्रे, लोणच्याच्या काकड्या, पांढरा पाव. कर्टिस बूट टेबलाच्या दांडीवर टाकून बसला होता, सहा फूट चार इंच, डोळ्यांतून धारा. सगळ्यांच्याच डोळ्यांतून धारा. मधोमध घंटा.

"बघा रे," गार्झा तोंड भरून म्हणाला, "मयताला आल्यासारखे सगळे. बर्नी, खुर्चीवर बसून बघितलंस का कर्टिसच्या? खड्डा पडलाय तिला. तुला पुरेल."

"तुझी जीभ पुरीन तिच्यात, रेने."

हशा झाला. बर्नाडीन सुद्धा हसली. थुई सगळ्यांत शेवटी आली. बैठकीआधी ती कानावर काही घालायला आली नव्हती, म्हणजे काही नव्हतं. बर्नाडीननं स्वतःला हे सांगितलं, आणि ब्रिस्किटचा पहिला घास घेतला. सकाळपासूनचा पहिला.

थुईनं भिंतीवरचा पडदा लावला, बाही वर केली आणि गोड आवाजात म्हणाली, "मिस बर्नाडीन, एखादा आकडा सांगा ना. तुमच्या आवडीचा."

गार्झाचा काटा ट्रेवर टेकला. त्या प्रश्नाचा अर्थ तिथल्या प्रत्येकाला माहीत होता.

"तुला हवा तो घे," बर्नाडीन म्हणाली.

"असं कसं? नियम तुमचाच. ज्याची सिद्धता, त्याचा आकडा."

बर्नाडीननं घास गिळला. दुनियेत हवे तेवढे आकडे पडले होते. पण तिच्या तोंडून निघालं, "नऊ."

"अरे देवा!" गार्झा ओरडला. "वेसची पोरगी! लग्नाची झाली असेल आता!" आणि जे हसणं सुटलं, ते आवरेना. कर्टिस खोकत, डोळे पुसत हसला.

थुई हसली नाही. तिनं खेचराला विचारलं: या सर्किटात कुठलाही आकडा कशानंही भागा, उत्तर नऊच? खेचर कुरकुरलं नाही. सिद्ध.

"आता नऊ येत नाही, असं विचारते," थुई म्हणाली. तेही सिद्ध.

मग तिनं गृहीतकांतली दोन वाक्यं पडद्यावर शेजारी शेजारी लावली. एक चार वर्षांपूर्वीचं, बर्नाडीनच्याच हातचं: भागाकार चालू आहे तोवर सर्किटचं दार बंद, नवं काम आत येणार नाही. दुसरं ऑक्टोबरातलं. गार्झाच्या लोकांनी वेग वाढवायला आराखडा बदलला होता, म्हणून बर्नाडीननं लिहिलं होतं: शेवटच्या पायरीला दार उघडतं आणि नवं काम आत येतं. नवं वाक्य लिहिलं, जुनं खोडायचं राहिलं.

"दोन्ही खरी धरली तर शेवटच्या पायरीपर्यंत पोचणारा भागाकारच जगात नाही," थुई म्हणाली. "म्हणून उत्तर बरोबर. म्हणून उत्तर नऊ. ऑक्टोबरपासून गोठ्यात गाय नाही."

तिनं घंटा उचलली. मोल्टनच्या गोठ्यातली, कडेला चेपलेली. एकदाच वाजवली. तेवढी पुरली.

जुनं वाक्य खोडून खेचर पुन्हा सोडल्यावर ते त्याच शेवटच्या पायरीला, त्याच जागी, पाय रोवून थांबलं. यावेळी त्यानं कारणही दिलं. उन्हं कलली तोवर थुईनं त्यातून दोन आकडे काढून दाखवले: हा त्यानं भागा, आणि दार उघडताना येणारं नवं काम जुन्या उत्तराच्या शेवटच्या अंशावर पाय देतं. उत्तर चुकतं. चिप उद्या कारखान्यात जाणार होती. ते ऐकल्यावर गार्झाचं हसणं बंद झालं, कारण सर्किट त्याचं होतं.

"पोरी," कर्टिस थुईच्या खांद्यावर पंजा ठेवून म्हणाला, "कंपनी वाचवलीस तू." मग बर्नाडीनकडे वळून, तेवढ्याच प्रेमळ आवाजात, "बर्नी, खुर्चीचं नंतर बघू."

"नंतर म्हणजे कधी?"

"नंतर म्हणजे थुई. वाईट वाटून घेऊ नकोस. घरची माणसं आपण."

"आणि तपासणी?"

"तीही आता तिच्याकडेच असू दे. तू कोणाची खोट काढायला उभी राहिलीस, तर लोक नऊ नऊ करत हसतील गं. बरं नाही दिसणार."

गाड्यांपाशी बर्नाडीननं थुईला गाठलं. दोघींच्या काचांवर दिवसभराची हळद.

"तुला कधीपासून माहीत होतं?"

"आज सकाळपासून. तुम्ही सांगितल्यापासून."

"मी काय सांगितलं?"

"आधी कानावर घाल म्हणालात ना? तोवर माझ्या मनातही नव्हतं. मी पडद्यावर मान हलवून जेवायला बसणार होते." थुईनं किल्ली शोधली. "तुम्ही आयुष्यात कोणाला असं काही मागितलं नाही, मिस बर्नाडीन. मागितलंत, म्हणजे तुम्हाला कुठंतरी माहीत होतं. मग मी शोधलं. फार वेळ नाही लागला."

"तू नक्की म्हणाली होतीस."

"हो."

"मग?"

"कानावर घातलं असतं, तर तुम्ही कर्टिसला ताप आलाय म्हणून सांगितलं असतं. बैठक पुढे गेली असती. तेवढ्यात तुम्ही गुपचूप खोडाखोड केली असती, आणि चूक सापडली ती तुम्हाला, असं ठरलं असतं. नसतं केलं तसं?"

ताप सांगायचं बर्नाडीननं सकाळी कप भरतानाच ठरवून ठेवलं होतं. फक्त ताप की पाठ, एवढं ठरायचं होतं.

तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. थुईनं गाडीतून टिश्यूचा डबा काढून पुढे धरला.

"सीडर?"

बर्नाडीननं मान हलवली.

"मलाही," थुई म्हणाली. तिचे डोळे लाल होते, पण कोरडे. "उद्या कोलाचे जर्दाळूचे जास्त आणा. खसखशीचे उरतात नेहमी." आणि गाडी सुरू करून गेली.

शुक्रवारी बर्नाडीन बेकरीच्या रांगेत उभी राहिली, खोका घेतला, काच पुसली, आणि उजाडायच्या आत कंपनीचं दार उघडलं. घंटा थुईच्या टेबलावर होती. तिनं तिला हात लावला नाही. बाप आठवला, बटाटा मोडून खाली बघणारा. म्हाताऱ्याला निदान माहीत होतं गोठ्यात गाय नाही ते. मुद्दाम बोलायचा बिचारा, कोणीतरी हसावं म्हणून.

गार्झा आला, खोक्यात हात घातला. "किती घेऊ गं, नऊ?"

"सगळे घे. तुझं सर्किट आहे, तुलाच लागणारेत."

तो एक घेऊन निघून गेला, आणि वाटेत कोणाला तरी ते सांगून पुन्हा हसला.

तिनं कॉफीचं भांडं विसळलं, बुडाशी बसलेला काळा थर नखानं खरवडला, कॉफी चढवली. एकदा शिंकली. स्क्रीनसमोर बसून रात्रभराचं काम उघडलं. वरपासून खालपर्यंत लाल. अगदी पहिल्या लाल ओळीवर तिनं बोट ठेवलं, खेचर कुठं अडलं ते वाचलं, आणि त्याला पटेल अशी एक लहानशी पायरी लिहायला घेतली.